सोसायटीचं लॉन तिसऱ्यांदा मेलं. आता त्या जागेचं करायचं काय?

नवखा_बावधन | ९ मे, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. पुण्यात बावधनला ४६ फ्लॅटची सोसायटी आहे आमची. यंदा मी सेक्रेटरी झालोय, कारण सभेत बाकी सगळ्यांनी एकाच वेळी मोबाइलमध्ये डोकं घातलं आणि माझा फोन नेमका घरी चार्जिंगला होता. झाडांतलं मला आंबा आणि अशोक एवढंच कळतं. त्यातही गेल्या आठवड्यात समजलं की आमच्या दारातला अशोक हा अशोक नाहीच, नुसता त्या नावावर खपतो.

प्रश्न असा. इमारतीच्या मागे साधारण ६००० चौरस फूट मोकळी जागा आहे, उतारावर. वरच्या अंगाला टेकडी, मध्ये दगडी भिंत. बिल्डरने तिथे लॉन करून दिलं होतं, ते पहिल्याच उन्हाळ्यात गेलं. दुसरं आम्ही केलं, तेही गेलं. तिसऱ्याला ह्या एप्रिलमध्ये टँकरचं पाणी पाजलं, तरी आता ते काथ्याच्या पायपुसण्यासारखं दिसतंय.

कमिटीकडे एक कोटेशन आलंय, ३ लाख ८० हजारांचं. दोन ट्रक लाल माती, नवीन लॉन, भिंतीलगत कोनोकार्पस नावाच्या झाडांची रांग, मध्ये सहा फॉक्सटेल पाम आणि पांढरे गोटे. सोबतच्या चित्रात एक गोरं कुटुंब फुगा घेऊन फिरतंय. कमिटीला चित्र फार आवडलंय.

अडचणी: उन्हाळ्यात पाणी नाही. पावसाळ्यात पार्किंगच्या कोपऱ्यात घोटाभर पाणी साचतं. पोरांना खेळायला जागा हवी. भविष्य वर्तवणारे दोन आजोबा “झाडी वाढवली तर साप येतील” म्हणून आत्तापासून पत्रं लिहितायत. सभा २२ जूनला आहे. कमी पाण्यात जगतील अशा झाडांची यादी कोणी देईल का?

हिरवळप्रेमी | १० मे, सकाळी ७:१५

लॉनला नावं ठेवू नका, गवताची जात चुकली असेल. आणि पाइपने पाणी मारत असाल तर ते मरणारच. स्प्रिंकलर बसवा, पहाटे पाच वाजता वीस मिनिटं. आमच्याकडे सहा वर्षं टिकलंय. बोअरला पाणी आहे, हे मात्र खरं.

पाचोळा | १० मे, दुपारी ३:४०

नवखा, यादी देत नाही, रागावू नका. यादी मीही मागितली होती अकरा वर्षांपूर्वी, आणि मिळालीही होती. त्यातली ४० रोपं आम्ही ५ जूनला भाषणं-बिषणं करून लावली. पुढच्या मे महिन्यात ९ उरली होती. त्यातली दोन आम्ही लावलेलीच नव्हती, आपली आपण आली होती.

मी कोथरूडला टेकडीच्या पायथ्याशी राहते. ३२ वर्षं बँकेत काढली, त्यामुळे जमा-खर्च मांडल्याशिवाय मला काही समजत नाही. मेलेल्या रोपांचा हिशेब लागेना म्हणून निवृत्त झाल्यावर शनिवार-रविवारच्या एका निसर्ग-अभ्यासाच्या वर्गाला नाव घातलं. पहिल्याच दिवशी बाईंनी वेताळ टेकडीवर नेलं आणि प्रत्येकाच्या हातात सुतळी आणि चार खुंट्या दिल्या. एक मीटर बाय एक मीटरचा चौकोन आखा, कडेला तासभर बसा, दिसेल ते लिहा. बोलायचं नाही. पुणेकरांना ही सक्तमजुरीच.

नोव्हेंबर होता. माझा चौकोन पडला कुसळीच्या गवतात. दहा मिनिटं मला गवत सोडून काही दिसेना. मग एक मुंगी कुसळाचं बी ओढत निघालेली दिसली. आपल्या मोज्यांना टोचतं तेच बी, मागे लांब पिळाची शेपटी. बाईंनी त्यातलं एक तळहातावर घेतलं आणि शेपटीला थुंकीचं बोट लावलं. शेपटी हळूहळू स्वतःभोवती फिरायला लागली, घड्याळाच्या काट्यासारखी. पहिला पाऊस पडला की पीळ असाच सुटतो आणि बी मळसूत्रासारखं मातीत उतरतं. माळी नको, खुरपं नको. मी ४० रोपांसाठी मजुरी दिली होती.

तासाभरात माझ्या चौकोनात नऊ प्रकारच्या वनस्पती निघाल्या. शेजारच्या गटाचा चौकोन टेकडीभर मुद्दाम लावलेल्या गिरिपुष्प नावाच्या झाडांच्या झाडीत होता. तिथे सावली होती, पाचोळा होता, गिरिपुष्पाचीच पिल्लं होती आणि कडेला घाणेरी. तीन प्रकार. खालून रस्त्यावरून बघितलं तर त्यांचीच बाजू जास्त हिरवी दिसायची.

परत येताना बाईंनी सांगितलं की इकॉलॉजी हा शब्द हेकेल नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने १८६६ मध्ये केला, आणि त्यातल्या ‘ओइकोस’चा अर्थ घर. इकॉनॉमीतही तोच ओइकोस. मला एकदम माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं.

तर तुमच्या जागेची खतावणी मांडू. जमेला काय? पुण्याचा पाऊस, वर्षाला साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. ऊन बारा महिने. टेकडीवरून वाहून येणारी माती. झाडांचा पाला. पक्ष्यांनी टाकलेलं बी, खतासकट. खर्चाला काय? उडून जाणारी वाफ, गटारात जाणारं पाणी, आणि सोसायटी स्वतःच्या हातांनी बाहेर टाकते तो सुका पाला. झाडाने खोलवरून ओढून आणलेलं कॅल्शियम आणि बरंच काही त्या पानात असतं. आपण फेब्रुवारीत ते पोत्यात भरून देऊन टाकतो, नाहीतर कोपऱ्यात पेटवतो (हरित लवादाने २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळायला ५००० रुपये दंड ठरवलाय, तरी पेटवतो), आणि जूनमध्ये खताची पोती आणि लाल माती विकत आणतो. ती लाल माती म्हणजे कुठल्या तरी डोंगराची सोललेली साल असते, हे कोटेशनमध्ये लिहीत नाहीत. बँकेत असा व्यवहार करणारा खातेदार आला असता तर मी त्याला आधी पाणी दिलं असतं आणि मग घरच्यांचा नंबर मागितला असता.

आता खर्चातली मोठी रक्कम, पाणी. पळस, पांगारा, काटेसावर, सालई, मोई ही आपल्या टेकड्यांवरची जुनी मंडळी. बहुतेक सगळी पानगळीची. ओल संपत आली की पानं टाकून दुकान बंद करतात, कारण पान म्हणजे पाणी सांडायची जागा. पळस तर फेब्रुवारी-मार्चमध्ये नुसत्या फुलांवर उभा असतो. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी दरवर्षी म्हणतात, झाड वाळलं, कापा. वाळलेलं नाही हो, काटकसर चाललीय त्याची. लॉनला आपण नेमकं उलटं सांगतो: ४० डिग्रीत हिरवं राहा, पैसे आम्ही देतो.

मग झाड निवडायचं कसं? नर्सरीत एकच प्रश्न विचारायचा: ह्याला कोण खातं? “मॅडम, ह्याला कीडच लागत नाही” असं तो छाती फुगवून म्हणाला की रोप खाली ठेवायचं. आमच्या बहाव्याची पानं पावसाळ्यात चाळणी होतात, पिवळसर फुलपाखरांच्या अळ्यांनी. कढीपत्त्यावर आधी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसणारी अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि बोट लावलंत तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून घाण वास सोडते. कमिटीतल्या एकांनी कर्तव्यबुद्धीने त्यावर फवारा मारला. त्या वर्षी जास्वंदीतलं बुलबुलाचं घरटं ओस पडलं. बुलबुल स्वतः फळं खातो, पण पिल्लांना अळ्या भरवाव्या लागतात. दोन्हींचा संबंध मी शपथेवर सांगणार नाही, पण तेव्हापासून फवाऱ्याची बाटली माझ्या कपाटात कुलपात आहे.

कोनोकार्पस ह्या परीक्षेत सपशेल नापास. बारा महिने हिरवा, पानाला भोक नाही, मी आजवर त्यात एक घरटं पाहिलेलं नाही. गुजरातने २०२३ मध्ये तो लावायला बंदी घातली. तुमच्या कोटेशनमधल्या सगळ्या झाडांना हा प्रश्न विचारून बघा. गोट्यांना विचारू नका.

आणि शेवटची गोष्ट, जी सभेत कोणाला पटत नाही. एक कोपरा सोडून द्या. नुसता सोडा, काही लावू नका, खुरपू नका. आमच्याकडे दहा बाय पंधराचा सोडला होता. पहिल्या पावसात टाकळा आणि आघाडा. दुसऱ्या वर्षी एरंड आणि रुई. रुईवर बिबळ्या कडवा फुलपाखराच्या पट्टेरी अळ्या, आणि शनिवारी मारुतीला माळ फुकट. ह्या झुडपांच्या सावलीत माती थोडी गार राहायला लागली आणि चौथ्या वर्षी पक्ष्यांनी टाकलेला कडुनिंब वर आला. मग चंदन! चंदनाची मुळं शेजारच्या झाडाच्या मुळांना चिकटून त्यांचं पाणी-मीठ उसनं घेतात, त्यामुळे कुंडीत एकटं लावलं तर ते रडतं. इथे शेजार आयता होता. एकामागून एक पाहुणे येतात, आणि आधीचा पुढच्याची जागा करून ठेवतो. आम्ही फक्त मधे पडलो नाही.

चंदन मनगटाएवढं झालं आणि एका रात्री चोरांनी करवतीने नेलं. पुण्यात राहायचं तर हे धरूनच चालायचं. बुंध्याजवळून परत फुटवे आलेत. कोणता कोपरा ते सांगत नाही.

ओढ्याकाठचा | १० मे, रात्री ९:२०

पाचोळाताईंनी झाडांचं सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. साइट इंजिनिअर आहे, वीस वर्षं इमारतीच बांधल्या, म्हणजे ह्या पापात माझाही वाटा आहे.

आधी लॉनचा हिशेब. ६००० चौरस फूट म्हणजे साधारण ५५७ चौरस मीटर. एक मिलिमीटर पाणी एका चौरस मीटरवर म्हणजे बरोब्बर एक लिटर. उन्हाळ्यात लॉनला दिवसाला ५ मिलिमीटर धरले तरी रोज २८०० लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर साडेतीन दिवसांत संपला. मार्च ते मे ह्या तीन महिन्यांत पंचवीसेक टँकर. तुमच्याकडचा टँकरचा भाव त्यात घाला आणि तो आकडा त्या फुग्यावाल्या चित्राखाली लिहा.

आता उलटा हिशेब. गच्ची किती आहे? ६०० चौरस मीटर धरू. ७०० मिलिमीटर पाऊस, गळती-बाष्प धरून ८० टक्के हाती आला, तर ३ लाख ३६ हजार लिटर. म्हणजे तेहतीस टँकर गच्चीवर पडतात आणि पाइपातून थेट गटारात जातात.

पुण्याखाली काळा पाषाण आहे. वर वीतभर ते हातभर माती, मग मुरूम, मग खडक. त्यामुळे पाणी सरळ खाली उतरत नाही, मुरमातून आडवं सरकत जातं आणि जिथे वाट मिळेल तिथे बाहेर येतं. तुमचा पार्किंगचा कोपरा बहुधा तसाच असणार. तिथे पंप लावून फायदा नाही, उपाय वर करावा लागेल. पाणलोटाच्या कामात ‘माथा ते पायथा’ म्हणतात ते हेच. उताराला आडवा उथळ चर खणून वरून पळत येणारं पाणी चालायला लावा, चालणारं थांबायला लावा.

पण आधी खणून बघा. वर, मध्ये, खाली असे तीन खड्डे, दीड-दोन फूट खोल. पाण्याने भरा, एकदा जिरू द्या, परत भरा आणि दुसऱ्या वेळी किती तासांत जिरतं ते लिहून ठेवा. आणि वळीव आला की छत्री घेऊन खाली जा. पाणी कुठून शिरतं, कुठून वळतं, ते पाऊस चालू असताना दहा मिनिटांत जेवढं कळतं तेवढं नकाशावर वर्षभर कळत नाही. भिंतीतले वीप होल, म्हणजे पाणी निघायला सोडलेले पाइपाचे तुकडे, मोजा. बुजलेले असतील तर ते आधी मोकळे करा, बाकी सगळं नंतर.

हे हलक्यात घेऊ नका. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा मी अरण्येश्वरच्या बाजूला होतो. कंपाउंडच्या भिंती पाडत पाणी सोसायट्यांत शिरलं. माणसं गेली. ओढ्याची जुनी वाट लोक विसरले होते, ओढा विसरला नव्हता.

हिरवळप्रेमी | ११ मे, सकाळी ७:०५

सगळं पटलं, पण पोरांनी खेळायचं कुठे? एरंडाच्या झाडावर? सगळ्या सोसायट्यांचं जंगल करायचं ठरवलंय वाटतं तुम्ही. शिवाय पाणी मुरवायला खड्डे केले की डास आलेच.

पाचोळा | ११ मे, सकाळी ११:३०

पोरांचा मुद्दा अगदी बरोबर, आणि मी तो लिहायला हवा होता. सहा हजारांतले दोन-अडीच हजार फूट पोरांना सपाट द्या. तिथे झाड नको, लॉनही नको. हरळी येऊ द्या. हरळी म्हणजेच दूर्वा. ती उन्हाळ्यात तपकिरी पडते, मरत नाही, पहिल्या पावसात आठ-दहा दिवसांत परत येते आणि क्रिकेट सोसते. आपण भाद्रपदात मंडईत २१ दूर्वांच्या जुड्यांसाठी घासाघीस करतो आणि वर्षभर तीच हरळी लॉनमधून उपटायला माणूस लावतो. गणपतीला हे दिसत असेल असं मला राहून राहून वाटतं.

जंगलाचं म्हणाल तर मीही त्या मताची नाही. एका चौरस मीटरला तीन-चार रोपं ठासायची ती जपानी मियावाकी पद्धत आमच्या शेजारच्या सोसायटीने केली. पहिली दोन वर्षं फोटो झकास. पण आपल्या टेकड्यांचा स्वभाव मोकळा आहे, मध्ये गवत आणि लांब लांब झाडं. एवढ्या जागेत बारा-पंधरा मोठी झाडं म्हणजे डोक्यावरून पाणी. बाकी झुडपं घ्या: करवंद, निर्गुडी, अडुळसा, धायटी. धायटीची लाल फुलं आली की शिंजीर हलत नाही तिथून.

पार्किंगच्या ओल्या कोपऱ्याला एक उंबर चालेल, इमारतीपासून आणि पाइपांपासून चांगला लांब, आणि गाड्यांवर फळं पडणार नाहीत असा. ‘उंबराचं फूल’ आपण कधी न दिसणाऱ्या माणसाला म्हणतो. फुलं असतात, पण फळाच्या आत. चिलटाएवढी एक गांधीलमाशी आत शिरून परागण करते, आणि उंबराची माशी वडाला चालत नाही, ज्याची त्याची वेगळी. फळं वर्षातून अनेकदा येतात, म्हणून बाकी झाडांची कोठारं रिकामी असतात तेव्हा तांबट, कोकीळ आणि वटवाघळं उंबरावर जगतात. बारा झाडांत मोठा भाऊ कोण म्हणाल तर हा.

डासांचं: अंड्यापासून उडायला साधारण आठवडा लागतो त्याला. चरातलं पाणी दोन-तीन दिवसांत जिरलं तर त्याचा संसार होत नाही. न जिरणारं पाणी तुमच्या गच्चीवरच्या जुन्या टायरमध्ये असतं, तिथे बघा.

सापांचं: साप झाडीसाठी येत नाही, उंदरांसाठी येतो, आणि उंदीर उष्ट्यासाठी. कचऱ्याची झाकणं लावा, वाटेच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट मोकळं ठेवा, रात्री वाटेवर दिवा ठेवा आणि सर्पमित्राचा नंबर वॉचमनच्या टेबलावर चिकटवा. टेकडीखाली घोणस निघू शकते, तेव्हा पाचोळ्यात उघडा हात घालायचा नाही, दाताळं वापरायचं. हे आजोबांना सांगाच. त्यांची भीती अगदीच खोटी नाही.

पुरंदरची | ११ मे, रात्री १०:१०

पाचोळाताई, गिरिपुष्पाला एवढं बोलू नका हो. आमच्या बांधावर आहे. सासरे पाला कापून अंजिराच्या बुडात टाकतात. हवेतलं नत्र धरून ठेवणारं झाड ते, पाला लवकर कुजतो, युरियाचं एक पोतं वाचतं. टेकडीभर तेच लावलं ही माणसाची चूक, झाडाची नाही. बांधावर दहा असावीत, डोंगरभर नसावीत.

नवखादादा, दोन ट्रक मातीचे पैसे वाचवा. माती आणायची नसते, करायची असते. झाडाच्या बुडात हातभर घेरात वीतभर पाला पसरा, खोडाला चिकटवू नका, चार बोटं सोडा. उन्हाळ्यात त्या पाल्याखाली हात घालून बघा आणि शेजारच्या उघड्या जमिनीवर ठेवून बघा. (घोणसीचं वाचलं, आधी काठीने हलवून मग हात घाला.) आमच्याकडे पाऊस तुमच्यापेक्षा कमी पडतो, पण आच्छादन असलं की पाण्याची पाळी तीन दिवसांऐवजी सहा दिवसांवर जाते.

नवखा_बावधन | २४ मे, रात्री ११:३०

अहवाल देतो.

खड्डे खणले. वॉचमनकाकांनी मदत केली, किंवा खरं सांगायचं तर त्यांनी खणले आणि मी व्हिडिओ काढला. वरचा खड्डा, भिंतीजवळ: ८ इंचांवर फुटक्या टाइल्स, सिमेंटचे गठ्ठे, एक अख्खी कमोडची सीट. शुद्ध राडारोडा. आमचं लॉन तीन वेळा ह्याच्यावर झोपलं होतं. पाणी ४० मिनिटांत गायब. मधला: १४ इंच राडारोडा, खाली काळी माती, ९ तास. पार्किंगजवळचा रात्री भरला, सकाळी अर्धा तसाच. कुठेतरी वाचलं म्हणून मातीवर लिंबू पिळलं, तर बारीक फेस आला. सिमेंटचा चुना म्हणायचा का हा?

काका मूळचे वेल्ह्याकडचे. त्यांनी खालचा खड्डा बघितला आणि म्हणाले, इथं ओघळ होता साहेब, बिल्डिंगच्या आधी मी हितंच म्हशी आणायचो. नऊ वर्षं हा माणूस गेटवर बसलाय आणि आम्ही त्यांना कुरिअर सोडून काही विचारलं नव्हतं.

काल संध्याकाळी वळीव झाला. छत्री घेऊन खाली गेलो. भिंतीत ११ वीप होल, त्यातले ८ कोरडे ठाक, मागून मातीने बुजलेले. तिसऱ्यातून मनगटाएवढी धार, गढूळ, लालसर. ती धार तिरकी वाहत बरोबर काकांच्या ओघळावरून पार्किंगच्या कोपऱ्यात. मी एक पान टाकलं, ते पन्नास सेकंदांत कोपऱ्यात पोचलं. परत टाकलं, परत तेवढेच. तिसऱ्या वेळी मागे बघतो तर आमचे चेअरमन लुंगीवर छत्री घेऊन उभे. ते म्हणाले, मोठं पान टाकून बघ. मग आम्ही दोघांनी बदामाची पानं सोडली. ४१ सेकंद.

ठरावाचा मसुदा असा: वीप होल मोकळे करणे. भिंतीपासून दहा फुटांवर उताराला आडवा एक उथळ चर. गच्चीचे दोन पाइप गटारातून काढून मधल्या पट्ट्यात सोडणे. २४०० फूट पोरांना, शीर्षक “लॉन (हरळीचे)”. लॉन हा शब्द चेअरमननी मुद्दाम ठेवायला सांगितला, त्याशिवाय पास होणार नाही म्हणे. एक उंबर, बारा इतर झाडं, पहिल्या वर्षी फक्त पाच. सोडलेला कोपरा आम्ही “राखीव” असा लिहिलाय, कशासाठी ते लिहिलं नाही. एकूण अंदाज ९२ हजार.

दोन शंका. चर भिंतीच्या एवढ्या जवळ चालेल का? आणि पाला कुजवायला जाळीचा पिंजरा करायचाय, त्याचं माप काय?

ओढ्याकाठचा | २५ मे, सकाळी ८:४५

भिंतीपासून दहा फूट ठीक, इमारतीच्या पायापासूनही किमान तेवढंच ठेवा. पण तिथला भराव राडारोड्याचा आहे, तेव्हा आधी एखाद्या स्ट्रक्चरलवाल्याला भिंत दाखवा, मग चर. चराचा तळ सपाट हवा, पाण्याची नळी धरून लेव्हल काढा, डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. जादा पाणी बाहेर पडायला एक दगडी सांडवा ठेवा. ओघळ होता तिथेच तो उतरवा, काकांना विचारून.

लिंबाच्या फेसावरून सिमेंट ठरवू नका. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे मुळातच असतात, त्यालाही फेस येतो. कमोडची सीट हा जास्त भक्कम पुरावा आहे.

पाचोळा | २५ मे, दुपारी १:१५

चार फूट बाय चार फूट, उंची चार. कोंबड्यांची जाळी आणू नका, पहिल्या पावसात पोट सुटतं तिचं. वेल्डेड मेश घ्या, एक बाजू उघडता येईल अशी. वीतभर सुका पाला, त्यावर चार बोटं ओला कचरा किंवा शेणकाला, परत पाला. वर्तमानपत्र ओलं करून पिळल्यासारखी ओल हवी, त्याहून जास्त नको. पावसाळ्यात वर पत्र्याचा तुकडा टाका. दिवाळीनंतर तळातून काढायला लागा.

बदामाची पानं जाड असतात, कुजायला वेळ घेतात. ती पाण्यात सोडायलाच ठेवा.